ओलं फडकं

१

आमच्या घरी सकाळचं पहिलं काम दळणाचं, दुसरं गोठ्यातलं आणि तिसरं माझ्या नणंदेचं तोंड धुण्याचं. पहिली दोन गावात सगळ्यांच्याच घरी असायची. तिसरं फक्त आमच्याकडे होतं, आणि घरात सून एकच असल्यामुळे ते कुणाच्या वाट्याला येणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नणंदेचं नाव कौतिका. घरात सगळे कौती म्हणत. गुळाच्या ढेपेसारखा रंग, ठसठशीत डोळे, आणि एकदा हसायला लागली की तिला आवरायला पाण्याचा हबका मारावा लागे. कापूस वेचताना दोन बायांचं काम एकटी उरकायची. माझं माहेर हिंगोलीचं, मी चार बुकं शिकलेली, आणि लग्न होऊन जवळा बाजाराच्या अलीकडच्या या खेड्यात आले तेव्हा मला भाकरी थापता येत नव्हती. कौतीनं शिकवली, आणि सासूबाईंना पत्ता लागू दिला नाही. तेव्हापासून ती माझी कोण लागते हे मला कुणी विचारू नये.

तिची दोन स्थळं परत गेली होती, दोन्ही रंगावरून. आमच्या भागात मुलगी पाहायला येतात तेव्हा मुलाकडची एखादी वडीलधारी बाई तांब्यात फडकं बुडवून मुलीचं तोंड पुसते आणि ते फडकं उजेडात धरून सगळ्यांना दाखवते. रंग अंगचा आहे की लावलेला, हे पाहायची ही रीत. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी बाजारातली पावडर कौतीच्या तोंडाला चोपडली होती. फडकं पांढरंफेक झालं. पाहुणे पुढ्यातला शिरा तसाच टाकून उठले. त्यानंतर विहिरीवरच्या बाया तिला पिठातली पोरगी म्हणायला लागल्या आणि कौतीनं विहिरीवर जाणंच सोडलं.

तिसरं स्थळ सेनगावकडचं आलं. जमीनजुमला होता, मुलगा एकुलता होता. माझ्या सासूबाई, चतुराबाई, यांनी चुलीपुढं बसून एकदाच सांगितलं, "हे बी गेलं तर रिसोडच्या आमच्या भावकीतल्या बिजवराला देऊन टाकते. दोन बाया पोचवल्या त्यानं, पण पोटाला तर घालील."

कौती भाकरी थापत होती. त्या दिवशी तिची भाकरी पहिल्यांदाच करपली.

२

सासूबाईंचं माहेर वऱ्हाडातलं. त्यांच्याकडे मुलीला पाहायला येण्याआधी लेप लावून बसवायचे. सफेदा, कच्चं दूध आणि थोडं एरंडेल, सहाणेवर उगाळून रात्रभर तोंडावर ठेवायचं. सफेदा हिंगोलीच्या पंसाऱ्याकडे मिळायचा. मला तो चांगला ठाऊक होता.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हणाले, "आमच्या हिंगोलीत हा तेलात कालवून दारं-खिडक्यांना लावतात."

"मंग? दारं उजळतात का न्हाई?"

"दारं जेवत न्हाईत."

"लई बोलतीस तू," त्या म्हणाल्या. पण रागावल्या नाहीत. लेपाचा विषय निघाला की त्या खुशीत असत. "बाजारची पावडर वर बसते, म्हणून फडक्याला येते. हे मुरतं. माझ्या आईला लावलं, मला लावलं. आम्हाला कुणी नापसंत केलं न्हाई."

हे मात्र खरं होतं. त्या वयातही सासूबाईंचं तोंड गोरंपान होतं आणि त्यावर एक सुरकुती नव्हती. फक्त उजवं मनगट अधू होतं. हात पुढं केला की पंजा खाली लोंबायचा, आणि तांब्या त्या दोन्ही हातांनी उचलायच्या. आमच्या घरच्या बायांची मनगटं नाजूक, असं त्या कौतुकानं सांगत.

कौतीला मागच्या खोलीत बसवलं. एरवी तिथं कापूस साठवायचो. एकच झरोका होता, त्यालाही ऊन येऊ नये म्हणून पोतं लावलं. दिवे लागायच्या वेळी मी लेप लावायचे आणि सकाळी कोमट पाण्यानं धुऊन काढायचे. हे काम मी मागून घेतलं होतं. सासूबाईंचा हात लागला असता तर थर जाड बसला असता. मी पाण्यासारखा पातळ लावायचे, आणि कौती डोळे मिटून म्हणायची, "वैनी, दार रंगवून झालं का?"

धुतलं की पितळीतलं पाणी ताकासारखं व्हायचं. कोंबड्यांनी चोच घालू नये म्हणून मी ते मागच्या दगडांवर ओतायचे. दगडांवर पांढरे ओघळ वाळून बसले होते.

एका सकाळी मी नेहमीसारखं तिचं तोंड धुतलं, पितळी उचलली आणि दाराशी आले. उजेडात पाहिलं तर पाणी नितळ होतं. तळाशी पितळीचे ठोके दिसत होते.

मी परत आत गेले. कौतीच्या तोंडावर लेपाचा कणही नव्हता.

३

मी फार विचार करते असं घरचे म्हणतात. त्या दिवशी मी विचारच केला. लेप रात्रीच उशीला पुसला गेला असेल. उशी पाहिली, कोरडी आणि स्वच्छ होती. पदराला लागला असेल. पदर पाहिला. मग मी स्वतःला म्हटलं, बाई, आदल्या संध्याकाळी तू लावायलाच विसरली असशील. पण सहाण अजून पांढरी होती, आणि माझ्या नखांतही सफेदा होता.

दुसऱ्या दिवशी पाणी पुन्हा नितळ. तिसऱ्या दिवशीही.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. "मुरून राहिलंय," त्या म्हणाल्या आणि देवापुढं साखर ठेवली.

कौती गोरी होऊ लागली, यात शंका नाही. पण तिचं पोट दुखायला लागलं. दुखायला लागलं की ती दोन्ही गुडघे छातीशी घेऊन कुशीवर पडून राही. जेवण तुटलं. हिरड्यांवर निळसर काळी रेघ उमटली, ती दातवणाची आहे असं सासूबाईंनी ठरवून टाकलं. आणि एकदा तिला मी गुळाचा खडा दिला, तर तिच्या हातून तो पडला. तिचा पंजा सासूबाईंसारखाच खाली लोंबत होता.

हे सगळं सफेद्याचं विष आहे हे मला कळत होतं. ते कळत होतं म्हणून मी अजून घाबरले नव्हते. विषाला दवाखाना असतो.

घाबरले ते माशांमुळे. उन्हाळा होता. गोठा घराला लागून, त्यामुळे माशा सगळ्यांच्या अंगावर असायच्या. ताटावर, वासरांच्या डोळ्यांवर, सासूबाईंच्या पदरावर. कौतीच्याही हातांवर, पायांवर बसायच्या. तोंडावर एकही बसत नव्हती. मी तिच्यासमोर बसून मुद्दाम पाहत राहिले. माशी तिच्या मानेवरून वर चढायची, हनुवटीपाशी थांबायची, पुढचे पाय चोळायची आणि मागं फिरायची.

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण इथं त्याशिवाय चालणार नाही. तातेराव बैलांना पाणी दाखवत होते तिथं मी गेले.

"अहो, कौतीला हिंगोलीच्या दवाखान्यात न्या. तिचा हात गळून चाललाय."

"पाहणं होऊन जाऊ दे," ते म्हणाले. "पोरगी दुखणाईत हाय म्हणून बोभाटा झाला तर कोण करील तिला?"

"आन् तवर तिला काही झालं तर?"

"तवर तू हाईस ना."

"तुमी तिच्या तोंडाकडं पाहिलंय का एवढ्यात?"

ते बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांचा बहिणीवर फार जीव होता. तिला खांद्यावर बसवून बाजार दाखवलेला हा माणूस. पण अलीकडे ते मागच्या खोलीकडे फिरकत नव्हते, जेवायलाही उशिरा येत होते. मला वाटतं, त्यांनी पाहिलं होतं.

४

दुपारी सगळं घर आडवं झालेलं असताना मागच्या खोलीतून सहाणेवर उगाळल्याचा आवाज येऊ लागला. खर्र, खर्र, मग थोडं थांबून पुन्हा खर्र. मला राग आला. सासूबाई माझ्या माघारी तिला दिवसाही लेप लावून राहिल्या, असं वाटलं. भांडायच्याच तयारीनं मी दार लोटलं.

खोलीत कौती एकटीच होती. सहाण कोनाड्यात पालथी होती. कौती भिंतीला टेकून बसली होती आणि डाव्या हाताच्या नखांनी गाल खरवडत होती. आवाज तिथून येत होता.

मी धावत जाऊन तिचा हात धरला. "कौते, काय करून राहिलीस? खाजतंय व्हय?"

"न्हाई वैनी. काहीच लागत न्हाई. म्हणून बघून राहिले."

गालावर ओरखडा नव्हता. मी हात लावला. खोलीत भट्टीसारखं उकडत होतं, तिची मान घामानं थबथबलेली होती, आणि गाल माठाच्या बुडासारखा गार होता.

"दुपारची थोडी झोप," मी म्हणाले.

"मी झोपते वैनी. हे झोपत न्हाई."

"हे म्हणजे कोण?"

तिनं बोट स्वतःच्या तोंडाकडे केलं. डोळ्यांत पाणी होतं. तोंड मात्र हसत होतं. पाहुण्यांपुढं बसताना ओठ किती उघडायचे, दात किती दाखवायचे, हे सासूबाईंनी तिला रोज शिकवलं होतं. ते तसंच, मोजून हसत होतं.

मी तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटलं. थोड्या वेळानं तिचा श्वास जड झाला, हातपाय सैल पडले, अगदी बारीक घोरूही लागली. झोपलेलं माणूस मला ओळखू येतं, मी लहान भावंडं सांभाळलेली आहेत. मी खाली पाहिलं. डोळे मिटलेले होते. ओठ हसत होते. मग त्यांनी हसू थोडं आवरलं, थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून नीट हसले, जसं कुणी आरशापुढं करून बघतं तसं.

मी मांडी काढली नाही. ती कौती होती आणि फार दिवसांनी झोपली होती. पण वर बघत बसले, आढ्याच्या लाकडांकडे, आणि ती जागी होईपर्यंत खाली पाहिलं नाही.

५

शेवटी मी सफेद्याची डबीच रिकामी केली. उकिरड्यात खड्डा करून सगळा पुरला आणि डबीत तांदळाचं पीठ भरलं. तेच उगाळून लावायला लागले. सासूबाई दारातून बघत आणि मान डोलावत. मनात म्हटलं, आता आठ-पंधरा दिवसांत पोरीचं अंग सावरेल. रंग उतरला तर उतरला. सेनगावकर परत गेले तरी बिजवराचं मी बघून घेईन, तातेरावांच्या पायावर डोकं आपटीन, नाहीतर तिला घेऊन हिंगोलीला निघून जाईन. पण आधी पोरगी वाचली पाहिजे.

पिठाचंही पाणी नितळच निघालं.

मग मी काहीच लावेनासे झाले. नुसती ओली बोटं फिरवायची. कौती तरी दिवसेंदिवस पांढरीच होत गेली. विष अंगाला लागल्याशिवाय चढत नाही, एवढं मला कळतं. हे काही न लावता चढत होतं. त्यानंतर मी स्वतःची समजूत घालणं सोडून दिलं.

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी बांगड्या भरायला मदीनाबी आल्या. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन त्या जवळ्याच्या बाजारापासून आमच्या गावापर्यंत सगळ्या घरांत फिरायच्या. आमच्या लग्नांत, बारशांत त्यांच्याशिवाय भागत नसे. कौती त्यांची लाडकी. लहान असताना फुटक्या बांगड्यांचे तुकडे मागायला त्यांच्या मागं मागं हिंडायची.

झरोक्याला पोतं असल्यानं खोलीत अंधार होता. त्यांनी कौतीचा हात हातात घेतला, कुरवाळला. "किती नरम पडला बेटी तुझा हात. तकलीफ होती का?"

"न्हाई मदीनाबी."

हिरवा चुडा सहज चढला. हाताला ताणच नव्हता. भरून झाल्यावर मदीनाबींनी नेहमीप्रमाणे अलाबला घ्यायला, म्हणजे दृष्ट काढायला, दोन्ही हात पुढं केले. कौतीच्या तोंडावरून हात फिरवले, आपल्या कानशिलांशी नेले आणि बोटं मोडली. एकही बोट मोडलं नाही. त्यांनी पुन्हा दाबून पाहिलं. मग हात पदराला पुसले, पुसतच राहिल्या.

"पारबतीबाई," त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, "आत कोण बसलंय?"

"कौतीच हाय."

"हात कौतीचा हाय. हातावरून मी हजारात वळखीन तिला." त्यांनी पेटी उचलली आणि सूपभर ज्वारी न घेताच गेल्या. मदीनाबी ज्वारी विसरल्या असं आमच्या गावात कधी घडलं नव्हतं.

६

पाहुणे बैलांच्या दमणीतून आले. मुलाचे वडील, एक मामा आणि मुलाची चुलती सखुबाई. फडकं फिरवायचा मान तिचा होता. सखुबाई उंच, नीटनेटकी, अंगावर चांगलं लुगडं. मी पाणी द्यायला वाकले आणि तिच्या तोंडाकडे लक्ष गेलं. गोरं, गुळगुळीत तोंड. तिच्या पुढ्यातल्या शिऱ्यावर माशा घोंगावत होत्या, मांडीवरच्या हातावर दोन बसल्या होत्या. तोंडावर एकही नव्हती.

कौतीला आणून पाटावर बसवलं. मुलाच्या वडिलांनी हातातली सुपारी तशीच धरली. अशी गोरी मुलगी त्यांनी पाहिली नसावी. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगते, त्या वेळी मला त्यांची दया आली. त्यांनी लेकीचं वाईट चिंतलं नव्हतं. पिठातली पोरगी हे शब्द त्यांनाही विहिरीवर ऐकावे लागत होते.

मग गहू निवडायला सूप दिलं. कौतीनं हात पुढं केला आणि पंजा लोंबला. आता झालं, मोडलं, असं वाटलं, आणि मला बरंच वाटलं. पण सखुबाई पुढं सरकली. सुपाआडून तिनं कौतीच्या मनगटाखाली आपला हात धरला आणि वर उचलून ठेवला. समोरच्या पुरुषांना काही दिसलं नाही.

"निवडती चांगली," सखुबाई म्हणाली.

तांब्या मागितला. सासूबाईंनी मांजरपाटाचं नवं कोरं फडकं काढून दिलं. सखुबाईनं ते बुडवलं, पिळलं, आणि कौतीचं कपाळ पुसलं, गाल पुसले, नाक, हनुवटी. सावकाश पुसत होती. कौतीचे दोन्ही हात पाटाच्या कडांना घट्ट धरायला धडपडत होते आणि धरता येत नव्हते. तोंड हसत होतं.

फडकं उजेडात आलं. ते पांढरं झालं नव्हतं. त्यावर तपकिरी डाग होता.

"मळ हाय वो," सासूबाई घाईनं म्हणाल्या. "खोलीत बसून बसून घाम आला लेकराला."

मामा हसला. मुलाचे वडील हसले. ओसरीवर सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आतलं गोरं आणि वरचा मळ, याहून खरा रंग कोणता असणार? "पसंत हाय," मुलाचे वडील म्हणाले आणि साखर मागवली. तातेराव उठले. एकदा त्यांनी बहिणीकडे पाहिलं, आणि साखर आणायला आत गेले.

सखुबाईनं फडकं माझ्या हातात दिलं. मी ते पसरून पाहिलं. मळ काळपट असतो, चिकट असतो. हा रंग मऊ होता, आणि तो मला माहीत होता. तो चुलीपुढं माझ्या शेजारी बसून भाकरी थापायचा. कडेला एक बारीक काळा ठिपका होता. कौतीच्या हनुवटीवर तीळ आहे, रोज तोंड धुताना माझा अंगठा त्यावरून जायचा. मी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

हनुवटी कोरी होती.

७

ते फडकं मी ओसरीच्या खुंटीवर, सगळ्यांच्या डोक्यांवर, टांगून ठेवलं. तिथं ते सुरक्षित राहील असं वाटलं. सखुबाई हात धुवायला मागच्या अंगणात गेली तशी मी तिच्यामागं गेले.

"बाई, हात जोडते, हे स्थळ मोडा," मी म्हणाले. "काहीबी खोट काढा. पोरगी आजारी हाय म्हणा."

"मोडून काय करता? बिजवराला देता?" ती शांतपणे म्हणाली. "आमच्याकडं हिला कुणी तरास द्यायचं न्हाई. आमच्या घरात साऱ्या अशाच आल्या. मी बी अशीच आले."

"तुमचंबी फडकं असंच निघालं होतं?"

"व्हय."

"मंग तुमचं कुठं हाय?"

"काय?"

"तुमचं तोंड," मी म्हणाले.

सखुबाईनं कपाळाला आठी घालायचा प्रयत्न केला असावा. आठी पडली नाही. एखादी वस्तू कुठं ठेवली ते आठवावं तशी ती थोडा वेळ उभी राहिली.

"धुतलं असंल कुणीतरी," ती म्हणाली.

मी तिला तिथंच सोडून धावले. ओसरीवर साखर वाटत होते, तातेराव पाहुण्यांना पानाचं तबक देत होते. खुंटी रिकामी होती. चुलीपाशी पाहिलं, कोनाड्यात पाहिलं. मग न्हाणीतून चुबुक चुबुक आवाज आला.

सासूबाई दगडावर बसल्या होत्या. घरात चांगल्या दिवशी मळकं काही लोंबताना त्यांना खपत नसे. पुढ्यात सोड्याचं गरम पाणी होतं, आणि त्यात बुडवून बुडवून त्या फडकं खुबळत होत्या. त्यांचं तोंड आनंदानं फुललं होतं, म्हणजे माझी तशी समजूत झाली. लोंबत्या पंजानं त्यांना पिळता येत नव्हतं.

"आलीस का? धर गं एक टोक," त्या म्हणाल्या.

मी ते हिसकावून घेतलं आणि झटकून उजेडात धरलं. शुभ्र झालं होतं. कडेला, कोपऱ्यात, कुठंही काही नव्हतं. सासूबाईंनी पितळी कलती केली. तपकिरी पाणी मोरीकडे निघालं. मी खाली बसून दोन्ही हात मोरीच्या तोंडाशी आडवे लावले. ते बोटांमधून निघून गेलं.

"काय करतीस, खुळे?" सासूबाई हसून म्हणाल्या. "लगीन ठरलं पोरीचं. जा, तिला साखर दे."

मी फडकं मागच्या दोरीवर टाकलं. का टाकलं ते माहीत नाही, ओलं होतं म्हणून टाकलं. मग साखरेची वाटी घेऊन खोलीत गेले. कौतीला परत तिथं आणून बसवलं होतं. झरोक्याचं पोतं कुणीतरी काढलं होतं, आता उन्हाची भीती नव्हती. तिरीप सरळ तिच्या तोंडावर पडली होती आणि ती डोळे मिचकावत नव्हती.

"वैनी," आतून कौतीचाच आवाज आला, सर्दी झालेल्या लेकराचा असतो तसा. "त्या बाईनं पुसलं ना, तवा मला कळलं. निघून जाताना कळलं."

मी तिच्याजवळ बसले. तिचं डोकं छातीशी घेतलं. केसांना अजून तिचाच वास होता.

"तू ठेवलं असशील ना ते फडकं? आण की. लावून बघू."

बाहेर दमणीचे बैल जुंपत होते, घुंगरं वाजत होती. तातेराव पाहुण्यांना पुन्हा पुन्हा राम राम घालत होते.

"कुठं हाय वैनी?"

"वाळत घातलंय," मी म्हणाले.

"बरं," कौती म्हणाली, आणि दाराकडे तोंड करून वाट बघत बसली.